हिरव्या खोक्यातले मातकट कोष

मी मागच्या अंगणात भिंतीला टेकून बसले होते आणि हे मला शोधत होते. हे म्हणजे आमचे गिरधर मास्तर, हायस्कुलात सायन्स शिकवतात. शाळेतून आले, टोपी खुंटीला अडकवली, कोट काढला आणि "अगं, पाणी दे" म्हणून हाक मारली. मी समोरच होते. उठावं असं मनात आलं, पण पाय उठले नाहीत. अलीकडे असंच होतं, मन म्हणतं ऊठ आणि अंगाला ते ऐकूच जात नाही. मास्तर अंगणात आले, माझ्यावरून नजर फिरवली, न्हाणीत डोकावले, लिंबोणीखाली गेले, परत आले. "गेली कुठं ही?" असं स्वतःशीच म्हणाले. माझ्या पायापासून हातभर अंतरावर उभे होते. आधी वाटलं, चेष्टा करताहेत. पण चेष्टा करणाऱ्यातले नव्हेत आमचे मास्तर, लग्नात माझं नाव घ्यायचं म्हटलं तर घाम फुटला होता त्यांना. मग मला गंमत वाटली, म्हणजे गंमत वाटायला पाहिजे तिथं काहीतरी हललं, आणि मी श्वास हळू केला. म्हटलं बघू या तरी. चिंचेच्या खोडावर बसलेला खोडाच्याच रंगाचा पतंग हा गृहस्थ रस्त्यानं चालता चालता ओळखतो, त्याला स्वतःची बायको किती वेळात सापडते. नाहीच सापडली. कुंपणावरून शेजारच्या भागाबाईंना विचारलं, "आमची आलीय का तिकडं?" भागाबाई म्हणाल्या, "नाही बा." तेवढ्यात सासूबाई देवळातून आल्या आणि दारातूनच ओरडल्या, "काय बाई भिंतीला पाल चिकटल्यावानी बसली! तो केव्हाचा पाणी मागून राहिला ना!" तेव्हा मास्तर वळले आणि मी त्यांना दिसले.

मला वाटलं, आता ओशाळतील. छे! डोळे असे चमकले, की नव्या लग्नातही कधी चमकले नव्हते. "हलू नको, हलू नको!" म्हणत आत पळाले आणि मोजायची फीत घेऊन आले. भिंतीचा रंग बघितला, माझ्या लुगड्याचा बघितला. भिंत शेणामातीनं सारवलेली आणि लुगडं मूळचं डाळिंबी, पण धुऊन धुऊन मातीवर आलेलं. "रंग निम्मंच काम करतो बरं का," मला समजावून सांगायला लागले, "निम्मं काम न हलण्याचं. पतंग खोडावर बसला आणि नुसता पंख झटकला, की पाखरानं टिपलाच म्हण. तू हलली नाहीस, म्हणून मला दिसली नाहीस." सासूबाईंनी कपाळावर हात मारला आणि आत गेल्या. मास्तर मागं मागं सरकत दारापर्यंत गेले, तिथून दिसते का ते बघायला. पाणी राहिलंच. माझ्या ओठांवर आलं होतं, अहो, मी बायको आहे तुमची, पतंग नव्हे. पण तेवढं बोलण्याइतकाही राग आला नाही. राग यायला आत कुठंतरी विस्तव लागतो. मी बसून राहिले. दारातून मास्तर म्हणाले, "आता दिसतेस, पण आहेस हे माहीत आहे म्हणून." हे वाक्य मात्र डोक्यात शिरलं आणि तिथंच राहिलं.

खरं तर या सगळ्या अळ्यांच्या कारभारात मला त्यांनी कधी विचारून घेतलं नव्हतं. मीच हळूहळू शिरले. आमच्या अंगणातल्या लिंबोणीवर एक काळंपिवळं फुलपाखरू अंडी घालतं. अळी लहान असते तेव्हा चिमणीच्या शिटेसारखी दिसते, म्हणजे कोणी तोंड लावू नये. मोठी झाली की पानासारखी हिरवीगार. बोट लावलं तर मानेतून तांबडं, दुभागलेलं शिंग काढते आणि सडक्या लिंबाचा वास सोडते. पुढं तिचं खाणं थांबतं, जागा शोधत हिंडते, कमरेभोवती एक धागा बांधून घेते आणि तिचा कोष होतो. पानांत झाला तर हिरवा, वाळक्या काटकीवर झाला तर मातकट. हे तिला कळतं कसं? एवढा एक प्रश्न घेऊन आमचे मास्तर जगतात. त्यांचं म्हणणं, तिला भोवतालचा रंग दिसतो आणि ती तसा कोष करते. ते सिद्ध करायला म्हणून चहाची रिकामी खोकी आणली, आतून रंगीत कापड लावायचं ठरवलं. बुऱ्हाणपुरात रंगाऱ्यांना काय तोटा! लालबागच्या वाटेवरच्या रंगाऱ्यानं हिरवं, पिवळं, तांबडं, काळं असे तुकडे रंगवून दिले आणि विचारलं, "मास्तरजी, छोटे बच्चे के झबले बनेंगे क्या?" मास्तर म्हणाले, "नहीं, अळ्यांसाठी." दुसऱ्या दिवशी गावभर, शनवाऱ्यापासून राजपुऱ्यापर्यंत, त्यांचं नाव अळीमास्तर झालं. मुलं हसतात, ते हसत नाहीत, रागावतही नाहीत. नागपूरच्या कुणा प्रोफेसरांनी त्यांना कबूल केलं होतं, की काम खात्रीचं असलं तर विलायतेच्या मासिकात छापून आणू. तेव्हापासून खोकी म्हणजे देव्हारा. आता देव्हारा म्हटला की पुजारी पाहिजे. लिंबोणीला काटे, मास्तरांना काटे टोचतात, म्हणून रोज कोवळ्या डहाळ्या मी तोडते, सगळ्या खोक्यांत मी घालते, खालची घाण मी झाडते. तांबड्या खोक्यात कधी हिरवे कोष होत, कधी मातकट, तेव्हा मास्तर चिडचिड करत. पण हिरव्या खोक्यानं कधी दगा दिला नव्हता. त्यातला कोष हिरवाच व्हायचा.

एकदा असंच झाडता झाडता मी विचारलं होतं, हे सोंग आणायला हिला शिकवलं कोणी? मास्तरांना कोणी विचारलं की ते इतके खूश होतात की कीव येते. म्हणाले, "कोणी नाही शिकवलं. ज्या दिसल्या त्या पाखरांनी खाल्ल्या, ज्या दिसल्या नाहीत त्या उरल्या. उरल्या त्यांची पिल्लं झाली, पिल्लांची पिल्लं झाली. असं लाखो वर्षं चाललंय." मी म्हटलं, "आणि जी उरली, पण जिला पिल्लंच झाली नाहीत?" "तिची ओळ तिथं संपते," असं म्हणून त्यांनी मेलेली एक अळी चिमट्यानं उचलून कागदावर ठेवली. त्यांच्या मनात काही नव्हतं. तेच तर. मनात काही असतं तर मी भांडले असते, भांडणाला धरायला काहीतरी टोक लागतं. मी झाडू घेतला आणि उरलेलं अंगण झाडून काढलं.

मला दोनदा राहिलं आणि दोनदा गेलं. पहिल्या वेळी रडले, चांगली गळा काढून रडले, भागाबाई धावत आल्या होत्या. दुसऱ्या वेळी रडू येईल म्हणून वाट बघत बसले आणि ते आलंच नाही. तेव्हापासून हे बधिरपण. मिरचीचा ठेचा खाल्ला तर डोळ्यांतून पाणी येतं पण तिखट लागत नाही. तापीवर धुणं धुवायला जाते, थंडीत बाया हात फुंकत बसतात, मी पाण्यात हात तसाच ठेवते. एकदा चुलीतलं लाकूड मागं सारताना बोट भाजलं ते मला वासावरून कळलं. सासूबाईंनी काय कमी केलं का? हकिमाचा काढा झाला, पीरसाहेबाचा दोरा झाला, असीरगडावरच्या महादेवाला बेल वाहून झाला, उतरताना म्हातारीचे गुडघे सुजले. वाईट बाई नव्हे ती. मास्तर पाळण्यात असताना नवरा वारला, दुसऱ्यांच्या शेतात कपाशी निंदून, वेचून हिनं पोराला बी. एस्सी. केलं. नागपूरहून पोरगा पास होऊन आला तेव्हा लालबागच्या स्टेशनावर हिनं त्याच्या टांग्यापुढं पाणी शिंपलं होतं. तिच्यापुढं मास्तरांची मान वर होत नाही, हे मला समजतं. समजतं म्हणून तर राग नीट येत नाही. समजूतदार बाईचं हेच वाटोळं होतं, ज्याच्यावर रागवावं त्याचं म्हणणं तिला आधीच कळलेलं असतं.

मी भिंतीशी सापडले, त्याच संध्याकाळी सासूबाईंनी मला पुढ्यात बसवून केसांना तेल लावलं. म्हातारीची बोटं खरबरीत, पण तेल असं जिरवतात की झोप यावी. तेल चोळता चोळता म्हणाल्या, "सरू, धूलकोटचे भाईदास पाटील आहेत ना, त्यांची मधली पोरगी आहे. मालू नाव. धडधाकट आहे, कामाची आहे." मी म्हटलं, "बरं." म्हणाल्या, "पंचमीच्या दुसऱ्या दिवशी इतवार आहे, तर येऊन राहिले ते. बोलणं पक्कं करायला." मग मला कळलं. बोटं थांबली नव्हती, केसांतून फिरतच होती. "तुला काय कोणी काढून टाकून राहिलं का? घर तुझंच. किल्ल्या तुझ्याच कमरेला. ती पोरं काढील, तू वाढव. माझा एकच पोरगा आहे बाई, त्याचं नाव पुसलं जाईल ना." आणि म्हातारीचा आवाज भरून आला. मला वाटलं, हिच्याऐवजी मी रडायला पाहिजे, हे काम माझं आहे. मी विचारलं, "आत्याबाई, ते काय म्हणाले?" "काय म्हणणार? चूप राहिला. चूप म्हणजे हाव, होच ना." त्यांनी वेणी घातली, शेवटाला गाठ मारली, पाठीवर थोपटलं आणि म्हणाल्या, "ऊठ आता, दिवाबत्ती कर."

दिवा लावला आणि मास्तरांकडे गेले. ते हिरव्या खोक्यासमोर उकिडवे बसले होते. मी म्हटलं, "धूलकोटचं तुम्हाला ठाऊक होतं?" ते म्हणाले, "हूं." "मग तुम्ही काय म्हणालात?" "मी काहीच म्हणालो नाही." अगदी खऱ्या माणसासारखे म्हणाले, जणू काही न म्हणणं म्हणजे माझी बाजू घेणंच. मी म्हटलं, "काहीच का नाही म्हणालात? नको असेल तर नाही म्हणा. हवी असेल तर हो म्हणा, मीही मग काय ते बघीन." त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. "आईपुढं काय बोलायचं, सरू?" एवढं बोलून परत खोक्यात बघायला लागले आणि असे गप्प झाले, असे स्थिर झाले, की मला एकदम कळलं. अरेच्चा, हे सुद्धा लपलेत! जन्मभर हेच करत आलेत. कोणी काही म्हटलं की हे हलत नाहीत, आणि म्हणणारा यांच्यावरून पुढं निघून जातो. हेडमास्तर जातात, गल्लीतली पोरं जातात, आई जाते. मला हसू यायला पाहिजे होतं. तिथंच उभं राहून मी मनाशी एवढंच धरलं, की रविवारी भाईदासांसमोर यांनी एकदा नाही म्हणावं. मला मूल नको, किल्ल्या नकोत, ते माझ्याशी गोड बोलले नाहीत तरी चालेल. एक शब्द. तो आला तर मी या घरात माणसासारखी राहीन, नाही आला तर भांड्यांसारखी राहीन. भांडीही राहतातच की घरात.

मग पंचमी आली. आमच्याकडे नागपंचमीला काही चिरत नाहीत, कापत नाहीत, चुलीवर तवा ठेवत नाहीत आणि झाडाचं पान तोडत नाहीत. कोणत्या पानाआड नागोबा बसला असेल, कोणाच्या शेपटीला नख लागेल सांगता येतं का? सासूबाईंनी पहाटेच पाटावर गंधाचा नाग काढला, दूधलाह्या वाहिल्या, मी पुरणाची दिंडं उकडायला ठेवली. गल्लीतल्या मुली वडाला बांधलेल्या झोक्यावर किंचाळत होत्या. हिरव्या खोक्यातल्या अळ्यांचं खाणं संपत आलं होतं, त्या हिंडायला लागल्या होत्या, आणि आदल्या दिवशीची डहाळी वाळून तिची पानं कुरकुरीत झाली होती. मास्तर उठले ते तिथंच गेले. परत येऊन म्हणाले, "आई, आज एक डहाळी..." सासूबाई देवापुढूनच म्हणाल्या, "एक पान नाही तोडायचं आज." "अळ्या आहेत ना..." "अळ्या मरतील तर मरतील. आज नागोबाचा दिवस आहे. तुझा बाप पंचमीच्याच महिन्यात गेला, विसरला का तू?" मास्तर गप्प. नागपूरचे प्रोफेसर, विलायतेचं मासिक, दोन वर्षांची खटपट, सगळं त्या अंगणात उभं होतं आणि मास्तर गप्प. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मी ओळखते. तू हळूच तोड, तुझा हात पोचतो, आईला कळणार नाही, असं त्या नजरेत असतं. माझा हात पोचत होता. सासूबाई पाठमोऱ्या होत्या. मी मात्र हात पदराखाली घेतला. मला बघायचं होतं, या माणसाला जगात सगळ्यांत जास्त हवं ते याच्या डोळ्यांसमोर वाळत असताना तरी तो 'मला पाहिजे' म्हणतो की नाही. ते ओट्यावर जाऊन बसले. दुपारी दिंडं खाल्ली, दोन जास्तच खाल्ली. मला तेव्हाच खरं तर सगळं उमजायला हवं होतं. पण माणसाचं मन मोठं लबाड असतं. ते म्हणालं, अळ्यांचं वेगळं, बायकोचं वेगळं.

रविवारी दुपारी हिरव्या खोक्यात कोष झालेले होते. मास्तरांनी झाकण काढलं आणि "हे काय!" म्हणाले. सगळे मातकट. हिरव्या कापडावर वाळक्या पानांचे तुकडे चिकटवावे तसे दिसत होते, एकही हिरवा नाही. मास्तरांचा चेहरा असा पडला की मला माझ्या बधिरपणातही वाईट वाटलं. कापड उजेडात धरलं, उलटं केलं, विटलंय का बघितलं. कापडाला काही झालं नव्हतं. मग वाळलेली डहाळी उचलली, नाकाशी नेली, खाली ठेवली, पुन्हा नाकाशी नेली. मला विचारलं, "काल पानं घातलीस?" मी म्हटलं, "काल पंचमी होती ना." "हो ना," म्हणाले, आणि दोन पावलं गेले, आणि थांबले. मग एकदम वळले आणि माझे दोन्ही हात धरले. भर दुपारी, अंगणात! "सरू! तिला दिसत नाही गं! तिला वास येतो! ताज्या पानाचा वास भोवती असला की कोष हिरवा, वास नसला की मातकट! म्हणून त्या तांबड्या खोक्यात हिरवे होत होते! रंग नव्हेच तो! पुष्कळदा करून बघावं लागेल, पण हेच असणार, हेच!" "आईनं पान तोडू दिलं नाही, म्हणून कळलं बघ! मीच येडा!" कितीतरी दिवसांनी मला माझे हात असल्याचं जाणवलं. त्यांचे हात गरम होते, हे मला कळलं. आणि मूर्खासारखी मी मनात म्हटलं, आज हे बोलतील. इतका आनंद झालेला माणूस गप्प कसा राहील? तेवढ्यात पुढच्या दाराशी दमणी थांबली, बैलांच्या गळ्यातल्या घागरमाळा वाजल्या आणि सासूबाईंनी हाक मारली, "गिरधर, पाहुणे आले!"

भाईदास पाटील एकटेच आले होते. उंच, पिकल्या मिशांचे, डोक्याला पांढरी पगडी. येताना केळीची फणी घेऊन आले होते, ती त्यांनी स्वतःच्या हातानं कोनाड्यात ठेवली. मास्तर गादीवर बसले ते हातात एक मातकट कोष घेऊनच, तोंडावर आनंद मावत नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "बघा, कसा खूश आहे." मी सरबत दिलं आणि तबक घेऊन दारात उभी राहिले. हवापाणी झालं, कपाशीचा भाव झाला, तापीच्या पुराचं झालं. मग भाईदासांनी पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "काकी, तुमचा शब्द मला पोचला. पण मी पोरगी देणारा माणूस आहे. तिला नांदवायचं मास्तरांना आहे, म्हणून मास्तरांच्या तोंडून ऐकतो. या बाई घरात आहेत, त्यांच्या समोरच ऐकतो. बोला मास्तर." माझ्या मनात त्या माणसाबद्दल चांगलं आलं. मास्तरांच्या चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू निघून गेला. त्यांनी मान खाली घातली. तळहातावरच्या कोषाकडे बघायला लागले. पायाचा अंगठा हलत होता, तोही थांबला. मी मनात म्हटलं, म्हणा ना हो. तीन अक्षरंसुद्धा नाहीत त्यात. इथं मी उभी आहे, इथं माणूस विचारतोय, यापेक्षा सोपं करून तुम्हाला कोण देणार? सासूबाई म्हणाल्या, "त्याचं हावच आहे. लाजून राहिला." तरी ते हलले नाहीत. भाईदासांनी वाट बघितली, मग म्हणाले, "अच्छा, मग आपण हावच धरू," आणि पगडी नीट केली.

"भाईदासभाऊ," मी म्हटलं, "पोरगी देऊ नका इथं." माझाच आवाज होता, आणि चांगला खणखणीत होता. सासूबाई "अगं!" म्हणाल्या. मी थांबले नाही. "माणूस वाईट नाही. हात उचलत नाहीत, शिवी देत नाहीत, तंबाखूसुद्धा खात नाहीत. पण बोलत नाहीत. काल यांना लिंबोणीचं एक पान पाहिजे होतं, जिवापाड पाहिजे होतं, ते आईजवळ मागता आलं नाही. आज माझ्यावर सवत येतेय, तर हवी म्हणत नाहीत आणि नको म्हणत नाहीत. उद्या तुमच्या मालूवर या घरात काही वेळ आली, तर तिच्या बाजूनं कोण बोलेल? तिलाही पोर झालं नाही, तर तिसरी बघायला निघतील आणि हे असेच बसतील. तिच्यासाठी मी बोलेन म्हणता? मी किती दिवस पुरेन, भाऊ?" एवढं मी दोन वर्षांत सगळं मिळून बोलले नव्हते. तबक हातात तसंच होतं. भाईदास माझ्याकडे बघत राहिले, मग मास्तरांकडे वळले. "मास्तर, या बाई म्हणताहेत ते झूट असलं तर आत्ता सांगा." मास्तरांनी सांगितलं नाही. भाईदास उठले, सासूबाईंना हात जोडले, "काकी, राग मानू नका, येतो मी," म्हणाले आणि पायऱ्या उतरले. सासूबाई त्यांच्यामागं "अहो, तिचं डोकं ठिकाणावर नाही, बसा तरी" करत दमणीपर्यंत गेल्या.

घरात आम्ही दोघंच उरलो. मला वाटलं, आता हे उठून अळ्यांकडे जातील. पण मास्तर उठून माझ्याजवळ आले. आजूबाजूला बघून हळूच म्हणाले, "बरं केलंस. मला नकोच होतं ते. मी तर म्हणणारच होतो." देवाशपथ सांगते, मला बरं वाटलं. लाज वाटावी इतकं बरं वाटलं. एवढ्यावर मी सगळं सोडून द्यायला तयार झाले. म्हटलं, हाच तो शब्द, उशिरा आला, चोरून आला, पण आला ना. बाहेर बोलले नाहीत तर नाहीत, माझ्याजवळ तर बोलले. घागरमाळांचा आवाज गल्लीच्या तोंडाशी गेला. मी तबक खाली ठेवलं आणि पदरानं तोंड पुसलं.

सासूबाई आत आल्या त्या हळूहळू, भिंतीचा आधार घेत. माझ्याकडे बघितलंच नाही. मास्तरांपुढं उभ्या राहिल्या. ओरडल्या नाहीत, त्याचीच भीती वाटली. कपाशी वेचून वेचून वाकडी झालेली बोटं त्यांच्या छातीवर टेकवून म्हणाल्या, "गिरधर, खरं सांग. हे तू बोलायला लावलं का तिला? तुझ्या मनात होतं का हे? तुझ्या मनातलं असलं तर मी काहीच नाही म्हणत. परत या घरात ही गोष्ट काढणार नाही." म्हातारी खरं बोलत होती. तिच्या डोळ्यांत दिसत होतं, की तिला फक्त ऐकायचं होतं. हो म्हटलं की सगळं मिटत होतं, तिचं, माझं, धूलकोटच्या त्या पोरीचं. मी मास्तरांकडे बघितलं. आणि मास्तर बोलले. या वेळी थांबले नाहीत, चष्मा पुसला नाही, मान खाली घातली नाही. आईच्या डोळ्यांत बघून स्वच्छ म्हणाले, "नाही."

लागलं मला. मिरची लागली नव्हती, विस्तव लागला नव्हता, पोटातलं दुसरं गेलं तेव्हा लागलं नव्हतं, ते हे लागलं, आरपार. सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंस?"

मी म्हटलं, "हो, ऐकलं."